पहिल्या सांध्याला गेरू

१२ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा,

आज नळाला पाणी उशिरा आलं म्हणून दुकान साडेदहाला उघडलं. सकाळी एकीच्या पैंजणाची कडी बसवून दिली, दुसरीचं डोरलं उजळून दिलं. दुपारी भाकर आणि कालची वांग्याची भाजी खाल्ली. साडेतीनच्या सुमारास कारंज्याकडून आलेल्या जीपमधून एक तिशीची बाई उतरली आणि तिने रुमालाची गाठ सोडून चांदीच्या जोडव्यांचा एक जोड माझ्यासमोर ठेवला. तिची सासू दिवाळीनंतर वारली. सवाष्ण गेली म्हणून तिची जोडवी सुनेने घालायची असं घरात ठरलं आहे, पण सासूची बोटं बारीक, हिची जाड. जोडवी थोडी मोठी करून हवी आहेत. ती म्हणाली, "आमची बुढी सांगे, हे कामरगावच्या सोनारबाबाच्या हातचे हायेत. इतक्या वर्षात सांधा हालला नाई. असे हात आता कोठी राह्यले?" मी चष्मा पुसून एक जोडवं उलटं केलं. आतून तुमचा शिक्का होता. सांधा मी लगेच ओळखला. "तुमच्या बाबाच्याच हातचे न?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. उद्या अकराला येते म्हणून ती गेली, आणि तेव्हापासून हा जोड समोर ठेवून मी नुसती बसले आहे.

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. आसेगावला सासरी असताना आईला लिहायची, तिला वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही वाचून दाखवायचात, म्हणजे ती पत्रं तुमच्याच हातात पडत होती. त्यांत मी सगळं ठीक आहे असंच लिहिलं. ते खरं नव्हतं हे तुम्हाला त्र्याहत्तरच्या दिवाळीत कळलं. माझ्या यजमानांनी मला एसटीतून उतरवून दिलं, संक्रांतीला न्यायला येतो म्हणाले आणि चहाही न घेता त्याच गाडीने परत गेले. संक्रांत गेली, होळीही गेली. दुपारची गाडी आली की तुम्ही हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघायचात. गाडी निघून गेली की पुन्हा खाली मान घालायचात. मी आतल्या दारातून हे बघत होते. मॅट्रिक झालेली, बावीस वर्षांची, आणि दिवसभर काम काय, तर तांदूळ निवडायचे.

त्या उन्हाळ्यात तुमचा दमा वाढला. सांधा जोडताना दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने एकसारखी हवा धरावी लागते. ज्योत तुटली की चांदी अर्धवट तापते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. एका सकाळी तीनदा तुमची ज्योत तुटली. तुम्ही खोकत भिंतीला टेकलात. मी पुढे आले आणि फुंकणी उचलली.

"ठेव ते खाली," तुम्ही म्हणालात. "चार दिवसाची पाहुणी तू. तिकडच्याइले समजलं, का पोरगी ऐरणीपाशी बसते, त न्यायाले निंगालेला माणूसही अर्ध्या वाटेतून वापस जाईन."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "गाडी त रोज येते. माणूस कोठी येऊन राह्यला?"

तुम्ही फुंकणी माझ्या हातातून काढून घेतलीत. पण दोन दिवसांनी, माझ्याकडे न बघता, जसं काही कोणा तिसऱ्यालाच सांगत आहात तसं म्हणालात, "फुंकाचं हाये त पहिले श्वास शीक. गालात हवा धर, नाकानं घे, तोंडानं सोड. पपईचा देठ घे अन् लोट्यातल्या पाण्यात फुंक. बुडबुडा तुटला नाई पाह्यजे."

मी परसातल्या पपईचा देठ तोडला आणि स्वयंपाकघरात लोटा घेऊन बसले. पहिल्या दिवशी पाणी नाकात गेलं. आठ दिवस गाल असे दुखत होते की भाकर चावता येईना. आई म्हणाली, "लोट्याले काय मंतर देऊन राह्यली वं?" आणि हसत बसली. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी बुडबुडे थांबलेच नाहीत. वरण उकळून उतू गेलं, आई ओरडली, तरी मी देठ सोडला नाही. श्वास माझा मला आत येताना आणि बाहेर जाताना एकाच वेळी जाणवत होता. तोपर्यंत आयुष्यात मला इतकी चांगली जमलेली दुसरी गोष्ट नव्हती.

मग तुम्ही अटी घातल्या. मी फक्त फुंकायचं, चांदीला हात लावायचा नाही, आणि दारात गिऱ्हाईक दिसलं की उठून आत जायचं. मी मान हलवली. काही दिवसांनी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात मला एक पितळी फुंकणी दिसली, तुमच्या फुंकणीपेक्षा चार बोटं आखूड, तोंडाकडची कड कानशीने घासून गोल केलेली. कोणाची आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या ओठांना ती बरोबर बसली. ती अजून आहे. आता दुकानात गॅसची बत्ती आहे, पण बारीक कामाला मी तीच घेते.

हात लावायचा नाही ही अट मी मोडणार हे तुम्हाला माहीत असणारच, नाहीतर तांब्याच्या तारेचं भेंडोळं तुम्ही माझ्या बाजूला कशाला ठेवलं असतं? त्या तारेवर मी सगळं शिकले. तार नुसती ठोकत राहिलं की ती कडक होते आणि तडकते, मध्येमध्ये तापवून मऊ करावी लागते, हे तीन तारा मोडल्यावर कळलं. तापवताना रंगाकडे बघायचं, गुलाबाच्या फुलासारखी झाली की काढायची, त्यापुढे गेली की गेली. जंत्रीच्या पोलादी पट्टीतल्या भोकांतून तार ओढताना हाताने ओढायची नाही, पाठीने ओढायची. कानस जाताना दाबायची आणि येताना उचलायची. तुम्ही एका वेळी एकच वाक्य बोलायचात, आणि तेही चूक झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर तांबं वाचलं असतं, असं मी एकदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तांबं वाचलं असतं, पर तुले काय आलं असतं?"

पहिलं चांदीचं जोडवं मला करायला दिलंत ते श्रावणात. जोडव्याला दोन ठिकाणी जोड असतो. आधी पट्टी वाकवून तिची दोन टोकं जोडायची, मग वर फूल बसवायचं. मी कडं जोडलं, घासलं, सांधा दिसेना इतका साफ केला. मग फूल ठेवून ज्योत धरली. फूल बसलं आणि त्याच क्षणी खालचा सांधा उघडून कडं तोंड वासून पडलं. तुम्ही चिमट्याने माझ्या मनगटावर मारलंत. तसं तुम्ही कधी मारलं नव्हतं.

"पहिल्या सांध्याले गेरू कोण लावीन? दुसऱ्याची आच लागली का पहिला पाघळते. जुन्याले झाकल्याबिगर नव्याले आच द्याची नाई, हे सोनाराच्या पोरीले सांगा लागते काय?"

बाबा, सोनाराच्या पोरीला ते कोणीच सांगितलेलं नव्हतं. सोनाराच्या मुलाला सांगितलं असतं, पण तो तुम्हाला झाला नाही. मी हे तेव्हा बोलले नाही. मनगट चोळलं, करवंटीत गेरू कालवला, आणि पुन्हा कधी विसरले नाही. तो डाग मनगटावर अजून आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे.

पुढच्या वैशाखातली ती दुपार. लग्नसराई आहे, तुम्हाला सकाळपासून धाप आहे, आणि एका नवरीची जोडवी मी एकटीने पुरी केली आहेत. पट्टीपासून फुलापर्यंत, तुमचं बोटही लागलेलं नाही. चिंचेच्या पाण्यात उजळून, रिठ्याने घासून मी ती फडक्यावर ठेवली आहेत आणि तुम्ही ती वरखाली करून बघत आहात. तेवढ्यात दुपारची गाडी थांबते आणि माझे सासरे दारात उभे राहतात. आत पळायला वेळच मिळत नाही.

"काय इवाई," ते पटक्याने घाम पुसत म्हणतात, "आमच्या सुनेले धंद्याले लावलं काय?"

"नाई, नाई, बसा न. हे असीच बसली होती, कचरा काढाले."

ते बसतात. पाणी पितात. मग मला सांगतात, "तुह्या सासूचा पाय मोडला. घरी करणारं कोणी नाई. तयारी कर, पाचच्या गाडीनं जाचं हाये."

दीड वर्षाने आलेल्या माणसाचं हे बोलणं. तुम्ही लगेच म्हणता, "जाईन, जाईन. कायले नाई जाणार?" तुमच्या आवाजातला आनंद मला ऐकू येतो. सासरे फडक्यावरची जोडवी उचलतात. त्यांच्या घराण्याने धंदा सोडून किराणा घातला होता, पण पारख होती. "हात बसलेला हाये तुमचा अजून," ते म्हणतात. "दमा हाये म्हणून ऐकलं होतं."

"हो, म्याच केले," तुम्ही म्हणता. "कालच केले."

मी बोलले. मोठ्यांसमोर न विचारता बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. "मामाजी, हे म्या केले."

सासरे हसले. "अवो, बाईनं केलेले जोडवे कोण घालीन बोटात?"

"बाईच्या हातची भाकर चालते न, इवाईबुवा?" आई दारातून म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि त्या बघण्यात एवढंच होतं की गप्प बस, मी तुझ्यासाठीच बोलतो आहे. मला ते कळलं होतं. नंतर आयुष्यभर लोक मला समजावत आले की बापाने पोरीचं घर वाचवायला एक खोटं सांगितलं, त्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं. मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. तुम्ही मला वाचवत होतात हे मला त्याच वेळी कळलं होतं, आणि मला तसं वाचायचं नव्हतं. तुमच्या एका वाक्याने माझं वर्षभराचं काम कचरा काढणं झालं, आणि मी मोडलेल्या पायाच्या जागी लागणारा एक पाय झाले.

मी खाली बसले आणि पायातली जोडवी काढली. उजव्या पायाचं निघालं, डाव्याचं अडलं, कातडी सोलली. दोन्ही मुशीत टाकली, मूस शेगडीत ठेवली आणि फुंकणी तोंडाला लावली. चांदी वितळायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही दोघे समोर होतात. तुम्ही माझा हात धरू शकला असतात. सासरे "अवो, हे काय, नवरा जिता हाये न तिचा," असं काहीतरी बोलत उठले. मला उत्तर देता येत नव्हतं, कारण श्वास तोडायचा नव्हता. कडा मऊ झाल्या, फुलं खचली, मग सगळं एकदम गोळा झालं आणि त्यावर मळी आली. आणि त्या वेळी, बाबा, तुम्ही डबीतून चिमूटभर टाकणखार घेतलात आणि मुशीत टाकलात. मळी बाजूला झाली, चांदी आरशासारखी दिसली. विचार करून टाकलात, की हाताने आपोआप केलं? मी कितीदा हा प्रश्न मनात फिरवला आहे. उत्तर काहीही असो, ते तुमच्या हाताने झालं. मला एकटीला दोष देताना एवढं तुम्ही लक्षात ठेवायला हवं होतं.

सासरे पाचच्या गाडीने एकटेच गेले. पुन्हा कोणी आलं नाही. त्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही एकच वाक्य बोललात, "माया हातचे होते ते." माझ्या लग्नातली जोडवी तुम्ही स्वतः घडवली होतीत, हे मला ठाऊक होतं. सौभाग्य गेलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, लोक काय म्हणतील असंही नाही. मग महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत, पण रोज सकाळी ज्योत लावलीत की सरकून मला जागा करून द्यायचात. मी बसायची. आपण दोघं एकाच सांध्यावर वाकलेले असायचो, मी फुंकते आहे, तुम्ही डागाचा, म्हणजे जोडायच्या चांदीचा, कण ठेवता आहात.

गावात बायका माझ्या मोकळ्या बोटांकडे बघायच्या. अजून बघतात. दारात गिऱ्हाईक दिसलं की तुम्ही खाकरायचात, म्हणजे आत जा. वर्षभर मी गेले. मग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले नाही. एक म्हातारा शेतकरी कडं दुरुस्त करायला आला होता, तुम्ही दोनदा खाकरलात, मी कानस चालवत राहिले. तो म्हणाला, "बाबा, खोकला वाढला तुमचा. पोरीले करू द्या न, मले अंधार व्हाच्या आंधी घरी जाचं हाये." तुम्ही कडं माझ्याकडे सरकवलंत. त्यानंतर खाकरणं थांबलं. पण माझ्या कामावर शिक्का तुमचाच पडत राहिला, आणि कोणी वाखाणलं की तुम्ही मान हलवून घ्यायचात. मरेपर्यंत एकाही माणसाला तुम्ही सांगितलं नाहीत की हे माझ्या पोरीने केलं. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मेलेल्या माणसाला सगळं माफ करायचं असतं असं म्हणतात, पण ती रीत मला पटत नाही. तुम्ही असतात तर भांडले असते. नाही म्हणून लिहिते आहे.

आता या जोडाचं सांगते. अठ्ठ्याहत्तरचा माघ, तुमचं शेवटचं काम. उशीला टेकून बसावं लागत होतं तुम्हाला. तरी म्हणालात, "हा जोड म्याच करीन. तू निस्ती फुंक." दोन दिवस लागले. पण फूल तुम्ही असं कोरलंत की तसं मला आजही येत नाही. पहिलं जोडवं नीट झालं. दुसऱ्याचं फूल बसवताना मी फुंकत होते, आणि तुमच्या उजव्या हाताशी गेरूची करवंटी कोरडी पडलेली होती. तुम्ही खालच्या सांध्याला गेरू लावायला विसरला होतात. फूल बसलं, खालचा सांधा केसाएवढा उघडला. तुमच्या नजरेला तो दिसला नाही. तुम्ही दोन्ही जोडवी फडक्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "झाला." मग डोळे मिटलेत.

दुसऱ्या सकाळी आई तुम्हाला आंघोळ घालत होती, तेव्हा मी फूल गेरूने झाकलं, सांधा पुन्हा जोडला, घासला, उजळला आणि जोड होता तिथे ठेवला. तुम्ही आलात, त्यावरून अंगठा फिरवलात. बराच वेळ फिरवलात. "बसला बरोबर," म्हणालात. मी म्हटलं, "तुमचंच काम, बाबा." कचरा काढायला बसल्यासारखीच मी बाजूला बसले होते. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

उद्या ती बाई आली की तिला सांगणार आहे, फूल बाबांचं आहे आणि सांधा माझा आहे. सांधा हलला नाही म्हणून तुझ्या सासूने ज्या हातांची तारीफ केली ते हे हात. तिला पटो न पटो. तुम्हाला आवडलं नसतं तरी सांगणार आहे. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही. जंत्रीच्या डब्यात तळाला कागद घालावाच लागतो, गंज धरू नये म्हणून. तिथे घालून ठेवीन.

एक राहिलं. त्या दिवशी करवंटी कोरडी आहे हे मी आधीच पाहिलं होतं. ज्योत लावायच्याही आधी. फुंकणी खाली ठेवून "बाबा, गेरू" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हटलं नाही. सांधा उघडला तेव्हा मला आधी आनंद झाला. वाईट नंतर वाटलं, आंघोळीच्या पाण्याचा आवाज ऐकताना.

जोडवी मोठी करायची तर सांध्यातच कापावी लागतील. करवत लावली आहे. करवंटीत चिमूटभर गेरू घेतला, त्यात पाण्याचे दोन थेंब घातले, आणि काडीने कालवते आहे.